गणवेशातला 'गण' कुठे गेला?

जून उजाडला की शहरांतील काही ठरावीक दुकानांपुढे पालकांच्या रांगा लागतात. दुकानात शिरताच प्रथम विचारणा होते ती शाळेच्या नावाची. नाव आणि इयत्ता सांगितली की काउंटरवर एकामागून एक जिन्नस येऊन पडू लागतात. रोजच्या गणवेशाचे दोन जोड, शनिवारचा पांढरा वेश, खेळाच्या तासासाठी ज्या गटात मूल असेल त्या रंगाचा टी-शर्ट, शाळेचे बोधचिन्ह कोरलेला पट्टा, टाय, काठावर विशिष्ट रेघा असलेले मोजे, काळे बूट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि वरच्या वर्गात असेल तर ब्लेझर. भाव विचारण्याची मुभा असते, भाव करण्याची नसते. कापड जाडेभरडे वाटले, शिलाई कच्ची दिसली, तरी शाळेने हेच मंजूर केले आहे या एका वाक्यापाशी संभाषण संपते. दोन मुलांचा बाप पावती खिशात घालून बाहेर पडतो तेव्हा त्या महिन्याचा हिशेब त्याला मनातल्या मनात पुन्हा मांडावा लागतो.

शुल्कवाढीवर आंदोलने होतात, देणगीवर अग्रलेख लिहिले जातात, दप्तराच्या ओझ्यावर समित्या नेमल्या जातात. गणवेश हा विषय मात्र त्या मानाने किरकोळ समजला जातो. वर्षातून एकदाचाच खर्च, कशाला तक्रार करायची, अशी सर्वसामान्य भावना असते. वस्तुतः मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा शाळेने त्याच्या अंगावर चढवलेली पहिली गोष्ट गणवेश असते. शाळा मुलाकडे आणि त्याच्या घराकडे कोणत्या दृष्टीने पाहते हे त्या कपड्यांवरून जितके कळते, तितके ध्येयधोरणांच्या रंगीत पुस्तिकेवरून कळत नाही.

शालेय गणवेशाचा उगम पाहिला तर आजच्या स्थितीतील विपर्यास अधिकच ठळक होतो. लंडनमधील गोरगरीब आणि अनाथ मुलांसाठी १५५२ मध्ये 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' ही शाळा स्थापन झाली. तेथील मुलांना लांब निळा डगला देण्यात आला. निळा रंग त्या काळी स्वस्त होता आणि धर्मादायावर शिकणारी मुले त्या डगल्यावरून ओळखू येत. पुढे तशाच अनेक धर्मादाय शाळा निघाल्या आणि त्या 'ब्लू कोट' शाळा म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. म्हणजे गणवेश जन्माला आला तो ज्याला अंगभर कपडा मिळत नाही त्याला तो मिळावा म्हणून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील धनिकांच्या निवासी शाळांनी तीच कल्पना उचलली आणि तिचा अर्थ नेमका उलटा केला. टाय, ब्लेझर आणि टोपी हे वरच्या वर्गाचे बिल्ले बनले. आपल्याकडील खासगी इंग्रजी शाळांनी इंग्लंडकडून जी परंपरा घेतली ती निळ्या डगल्याची नव्हे, तर या दुसऱ्या वेशाची.

महाराष्ट्रातील मराठी शाळांचा गणवेश मात्र फार वेगळ्या वळणाने आला होता. पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी, मुलींना पांढरे पोलके आणि निळा परकर किंवा स्कर्ट, दोन वेण्या आणि रिबिनी. हा वेश गावोगावच्या शाळांत जवळजवळ सारखाच होता आणि त्याचे कापड कोणत्याही दुकानात ताग्यावरून फाडून मिळत असे. कोपऱ्यावरचा शिंपी वाढत्या अंगाचे माप घेई, शिवणीत दोन बोटे माया ठेवी आणि खालची दुमड रुंद ठेवी. दुसऱ्या वर्षी आई ती दुमड उसवून पुन्हा तुरपाई करी. थोरल्याचा सदरा धाकट्याला आणि धाकट्याचा शेजारच्याला जाई. त्या साऱ्या व्यवहारात कोणाला कमीपणा वाटत नसे, कारण वर्गातील निम्म्या मुलांची तीच कथा असे. डॉक्टरांचा मुलगा आणि त्यांच्याच दवाखान्यातील शिपायाचा मुलगा एका बाकावर बसत आणि कपड्यांवरून कोण कोणाचा हे ओळखणे बाहेरच्याला कठीण जाई. 'गणवेश' या शब्दाचा सरळ अर्थ गणाचा वेश, समूहाचा वेश. इंग्रजी शब्दात एकसारखेपणा आहे, मराठी शब्दात एकत्व आहे. हा फरक केवळ शब्दांचा नाही.

खासगी शाळांनी या सोप्या व्यवस्थेचे रूपांतर बंदिस्त बाजारात कसे केले ते समजून घेण्यासारखे आहे. साधे पांढरे किंवा खाकी कापड कोठेही मिळते, म्हणून प्रथम कापड बदलले जाते. दोन-तीन रंगांची खास चौकडी गिरणीकडून मागणीनुसार विणून घेतली जाते. तो तागा दुसऱ्या कोणत्याही दुकानात येण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यानंतर बोधचिन्ह येते. पूर्वी ते खिशावर शिवायचे वेगळे कापडी चिन्ह असे, आता ते सदऱ्यावर भरतकामाने उमटवलेले, मोज्यावर विणलेले आणि पट्ट्याच्या बकलावर कोरलेले असते. एवढे झाले की कोपऱ्यावरचा शिंपी स्पर्धेतून बाद होतो. पुरवठादार एकच उरतो आणि एकच उरला की किंमत तो ठरवतो. त्या किमतीत शाळेचा वाटा किती, तो रोखीने येतो की स्नेहसंमेलनाच्या मंडपाच्या रूपाने, याची नोंद पालकांना दिसेल अशा कोणत्याही वहीत नसते. दर तीन-चार वर्षांनी चौकडीचा रंग किंचित बदलला की थोरल्याचा गणवेश धाकट्याला चालत नाही आणि बाजार पुन्हा नव्याने सुरू होतो.

हे चुकीचे आहे हे शासनाला ठाऊक नाही असे नाही. शाळेतून किंवा ठरावीक दुकानातूनच साहित्य घेण्याची सक्ती करू नये, असा शासन निर्णय महाराष्ट्रात २००४ मध्येच निघाला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने एप्रिल २०१७ मध्ये आपल्या संलग्न शाळांना बजावले की, पुस्तके, वह्या, गणवेश, बूट, दप्तरे विशिष्ट विक्रेत्यांकडूनच घेण्यास पालकांना भाग पाडू नये, शाळा ही व्यापारी आस्थापना नाही. उत्तर प्रदेशाने २०१८ मध्ये स्वयंअर्थसाहाय्यित शाळांच्या शुल्कनियमनाचा कायदा केला तेव्हा त्यात अशा सक्तीला मनाई केली आणि सलग पाच वर्षांच्या आत गणवेश बदलता येणार नाही अशीही तरतूद घातली. ज्या इंग्लंडकडे आपल्या शाळा आदर्श म्हणून पाहतात तेथेही २०२१ मध्ये संसदेने कायदा केला आणि त्यानुसार सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळांना सांगण्यात आले की, बोधचिन्ह असलेले कपडे कमीत कमी ठेवा, एकाच पुरवठादाराशी खुल्या स्पर्धेविना करार करू नका आणि वापरलेले गणवेश उपलब्ध होतील अशी सोय करा. टाय आणि ब्लेझरचे माहेरघर खर्च आटोक्यात आणू पाहते आणि आपल्याकडे त्याच टायसाठी पाच वर्षांच्या बालकाच्या गळ्यात इलॅस्टिकचा फास अडकवला जातो.

तरीही नियम कागदावरच का राहतात? पालक तक्रार करीत नाहीत म्हणून, असे उत्तर शिक्षणाधिकारी देतात आणि ते पूर्णपणे खोटे नाही. मूल शाळेच्या ताब्यात असते. दुकानाविरुद्ध तक्रार केली तर उद्या वर्गात पोराला काय ऐकावे लागेल ही धास्ती पालकाच्या मनात असते. पण यापेक्षा अप्रिय असे आणखी एक कारण आहे. मध्यमवर्गाला तो ब्लेझर मनातून हवा असतो. सोसायटीच्या फाटकाशी शाळेच्या बसची वाट पाहत उभे असलेले टायमधील मूल म्हणजे कुटुंबाने गाठलेल्या पायरीची पावती असते. महागड्या गणवेशाची तक्रार करणारे घर साध्या गणवेशाच्या शाळेत मुलाला घालायला तयार नसते, हे सत्य शाळाचालक पुरेपूर ओळखून आहेत.

आकड्यांची एक तुलना येथे उद्बोधक ठरेल. केंद्राची समग्र शिक्षा योजना २०१८ मध्ये सुरू झाली तेव्हा सरकारी शाळेतील मुलाच्या दोन गणवेशांसाठी वर्षाला ६०० रुपयांची तरतूद ठरली. त्याआधी ती ४०० रुपये होती. ही रक्कम तुटपुंजी आहे याबद्दल दुमत नाही. पण एकीकडे ६०० रुपयांत दोन जोड भागवावे अशी अपेक्षा आणि दुसरीकडे त्याच गावातील खासगी शाळेत तेवढ्या रकमेत एक धड जोडही न मिळणे, हे अंतर केवळ कापडाच्या दर्जाचे खचितच नाही. त्यातच शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी राखल्या. घरकाम करणाऱ्या बाईची मुलगी सोडतीत नंबर लागून मोठ्या शाळेत दाखल होते, शुल्क माफ असते, आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या आईच्या हातात त्या ठरावीक दुकानाची यादी पडते. जो वेश भेद पुसण्यासाठी होता तोच येथे भेद उघडा पाडतो. खेळाच्या दिवशी गटाच्या रंगाचा टी-शर्ट नाही म्हणून मैदानाच्या कडेला उभी राहिलेली मुलगी त्या दिवशी कोणता धडा शिकते, याचा विचार व्यवस्थापनाने करायला हवा.

अर्थात, उपाय म्हणून सारे काही मंत्रालयातून ठरवणे हाही मार्ग नव्हे. महाराष्ट्राने तो प्रयोग सरकारी शाळांपुरता करून पाहिला. 'एक राज्य, एक गणवेश' या योजनेखाली २०२४-२५ या वर्षी कापडखरेदी राज्यस्तरावरून झाली. शाळा सुरू होऊन महिने लोटले तरी अनेक ठिकाणी गणवेश पोचले नाहीत, आणि पोचले ते कोणाला आखूड तर कोणाला ढगळ. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आला. माप मुलाचे घ्यायचे असते आणि मूल गावात असते, ही साधी गोष्ट एका वर्षाच्या मनस्तापानंतर मान्य झाली. खासगी शाळांच्या बाबतीतही सूत्र तेच हवे. वेश कसा असावा हे शाळेने ठरवावे, रंग आणि नमुना जाहीर करावा आणि कापड कोठून घ्यायचे, कोणाकडून शिवायचे हे पालकावर सोडावे. बोधचिन्ह हवेच असेल तर ते सुटे देता येते. खिशावर टाचायला आईला दहा मिनिटे पुरतात. सोलापुरात गणवेश शिवणारा मोठा उद्योग उभा राहिला आहे आणि देशभरच्या शाळांचे कपडे तेथील कारखान्यांत तयार होतात. स्पर्धा खुली राहिली तर त्या कारागिरांच्या हाताला काम मिळते आणि पालकाला रास्त भाव. मक्तेदारीत दोघांचेही नुकसान होते आणि मधला माणूस तेवढा गब्बर होतो.

पैशाइतकाच महत्त्वाचा मुद्दा हवामानाचा. विदर्भात एप्रिलमध्ये पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. अशा प्रदेशात टेरिकॉटचा जाड सदरा, गळ्यापर्यंत लावलेले बटण, त्यावर टाय, पायात बंद बूट आणि गुडघ्यापर्यंत मोजे ही योजना कोणत्या शहाणपणातून आली? कृत्रिम धाग्याचे कापड चुरगळत नाही आणि लवकर वाळते म्हणून शाळांना आवडते, पण ते घाम शोषत नाही. पावसाळ्यात भिजलेले चामडी बूट चार-चार दिवस वाळत नाहीत. तेच ओले बूट घालून मूल पाच-सहा तास बसते आणि पायाच्या बोटांतल्या चिखल्यांसाठी आई घरी मलम लावत राहते. पावसाळ्यात साध्या सँडल चालतील, उन्हाळ्यात टाय नको, थंडीत घरचा कोणताही निळा स्वेटर चालेल, एवढी तीन वाक्ये शाळेच्या पत्रकात घालायला कोणते धैर्य लागते?

भारतीय वेशात शिस्त दिसत नाही, असा एक समज याच्या मुळाशी आहे. अजमेरचे मेयो कॉलेज १८७५ मध्ये संस्थानिकांच्या मुलांसाठी निघाले आणि आजही देशातील महागड्या निवासी शाळांत त्याची गणना होते. तेथील विद्यार्थी समारंभाला अचकन आणि साफा घालून उभे राहतात आणि त्यात कोणाला गबाळेपणा दिसत नाही. भूतानमधील शाळांत मुले 'घो' आणि मुली 'किरा' हा राष्ट्रीय वेशच गणवेश म्हणून घालतात. दुसऱ्या टोकाला आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅलीसारखी शाळा गणवेशच ठेवत नाही आणि तरीही तेथील शिस्तीचे दाखले दिले जातात. पर्याय अनेक आहेत. टाय हा त्यांतला एक आहे आणि आपल्या हवेत बहुधा सर्वांत गैरसोयीचा.

गणवेश बदलला की परंपरा मोडते अशीही भीती घातली जाते. या संदर्भात संघाचे उदाहरण समोर आहे. स्वयंसेवकांचा गणवेश १९२५ मध्ये होता तसाच शंभर वर्षे राहिला नाही. सुरुवातीचा खाकी सदरा १९४० मध्ये पांढरा झाला. खाकी अर्धी विजार हीच संघाची ओळख मानली जात होती, तरी मार्च २०१६ मध्ये नागौर येथील प्रतिनिधी सभेच्या वेळी पूर्ण विजारीचा निर्णय जाहीर झाला आणि त्या वर्षीच्या विजयादशमीपासून तो अमलात आला. त्याआधी काही वर्षे चर्चा चालली होती. ज्येष्ठांना हळहळ वाटली, तरुणांना सोयीचे वाटले, पण शाखा होती तशीच भरत राहिली. काळ आणि सोय पाहून, सर्वांशी बोलून, पुरेसा अवधी देऊन वेश बदलता येतो आणि बदलानंतर तो तितक्याच कसोशीने पाळताही येतो. दुकानदाराच्या सोयीसाठी चौकडी बदलणे आणि मुलांच्या सोयीसाठी विजार बदलणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

सोयीचा विचार करताना मुलींचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा आणि बहुतेक शाळांत तो सर्वांत शेवटी होतो. सातवी-आठवीतील मुलगी स्कर्ट घालून सायकल चालवते, बसमध्ये चढते, कवायतीला वाकते, तेव्हा तिचे अर्धे लक्ष कपडे सावरण्यात असते. शनिवारचा पांढरा वेश महिन्यातील चार दिवस तिला किती धास्तावून सोडतो हे पुरुष विश्वस्तांच्या सभेत कोणी बोलत नाही. सलवार-कुडता आणि वर जाकीट किंवा पूर्ण विजार-सदरा, यांतील जे सोयीचे वाटेल ते एकाच रंगात घालण्याची मुभा दिली तर गणवेशाची एकरूपता कोठेही बिघडत नाही. केरळमधील काही सरकारी शाळांनी २०२१ मध्ये मुला-मुलींना एकच विजार-सदरा दिला तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. त्या वादात तात्त्विक बाजू पुष्कळ मांडल्या गेल्या, पण मुलींना धावता येते ही साधी बाब मागेच पडली. सक्ती स्कर्टची नको तशी विजारीचीही नको. दोन पर्याय ठेवावेत आणि निवड मुलीवर व तिच्या आईवर सोपवावी.

आता नाजूक विषय. कपाळावरची टिकली, हातातल्या बांगड्या, श्रावणातली मेंदी, राखी यांवरून खासगी शाळांत मुलींना शिक्षा झाल्याच्या तक्रारी वरचेवर होतात. अय्यप्पा दीक्षा घेतलेल्या मुलांना काळ्या वस्त्रांमुळे वर्गाबाहेर थांबवल्याचे प्रकार दक्षिणेत घडले आहेत. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पत्र लिहून सणांच्या काळात राखी, टिळा किंवा मेंदी लावली म्हणून मुलांना शिक्षा होऊ नये असे कळवले. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे. सर्वांसमोर टिकली पुसायला लावणे हा त्या मुलीच्या आईचा आणि आजीचा अपमान असतो आणि तो ती कधी विसरत नाही.

दक्षिण आफ्रिकेतील दरबान शहरात याच स्वरूपाचा एक खटला झाला. तमिळ हिंदू कुटुंबातील एका शाळकरी मुलीने कुळाचाराप्रमाणे नाकात चमकी घातली. शाळेच्या नियमांत कानातल्यांना परवानगी होती, नाकातल्याला नव्हती. शाळेचे म्हणणे असे की, एकीला सूट दिली तर उद्या प्रत्येक जण काहीतरी घालून येईल. तेथील घटनात्मक न्यायालयाने ऑक्टोबर २००७ मध्ये निकाल मुलीच्या बाजूने दिला. नियम सर्वांना सारखा दिसत असला तरी तो बहुसंख्यांच्या सवयी गृहीत धरून केलेला असतो आणि ज्याचा आचार वेगळा त्यालाच तो टोचतो, हे न्यायालयाने मान्य केले. शाळेला गणवेश ठरवण्याचा अधिकार आहे, पण चमकीने शिस्त कशी बिघडते हे शाळेला दाखवता आले नाही. निकाल लागेपर्यंत ती मुलगी शाळा सोडून गेली होती. तरीही न्यायालयाने प्रकरण निरर्थक म्हणून सोडून दिले नाही, कारण प्रश्न एका चमकीपुरता उरला नव्हता. त्याआधी १९८३ मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने असाच एक निकाल दिला होता. बर्मिंगहॅममधील एका खासगी शाळेने शीख मुलाला पगडी उतरवून केस कापल्याखेरीज प्रवेश देण्यास नकार दिला होता. मुलांमधील धार्मिक आणि सामाजिक भेद कमी करणे हाच आपला हेतू असल्याचे मुख्याध्यापकांचे म्हणणे होते. न्यायाधीशांनी ते ऐकून घेतले आणि नकार बेकायदा ठरवला.

हे दोन्ही निकाल आपल्या देशातील हिंदू पालकांना मनापासून पटतील. म्हणूनच तराजू येथे प्रामाणिक ठेवावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एका खासगी शाळेतील दोन विद्यार्थिनींची डोक्यावर रुमाल आणि पूर्ण बाह्यांच्या सदऱ्याची मागणी फेटाळताना संस्थेचा अधिकार व्यक्तीच्या अधिकारापेक्षा मोठा मानला. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी गणवेशाच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला आणि प्रकरण मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आले. मुंबईतील चेंबूर येथील एका खासगी महाविद्यालयाच्या प्रकरणात ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बिल्ले यांवरील बंदीला अंतरिम स्थगिती दिली, परंतु वर्गात बुरखा चालणार नाही हेही स्पष्ट केले. त्या सुनावणीत न्यायमूर्तींनी महाविद्यालयाला विचारले की, टिळा लावणाऱ्यांनाही बंदी करणार का. हा प्रश्न अनेकांना झोंबला. पण तो टाळता येणारा नाही. संस्थेचा अधिकार सर्वोच्च मानला तर तो टिकली पुसायला लावणाऱ्या संस्थेचाही मानावा लागतो. कुटुंबाचा आचार जपायचा म्हटले तर तो सर्वांचाच विचारात घ्यावा लागतो.

यातून वाट काढायची तर घोषणा बाजूला ठेवून काही साधे प्रश्न विचारावे लागतील. ती खूण गणवेशाच्या आत सामावते की गणवेशालाच झाकून टाकते? चेहरा दिसतो का? प्रयोगशाळेत, मैदानावर, कवायतीत ती धोक्याची ठरते का? आणि ती वर्षभर सर्वांना माहीत असलेल्या नियमात बसते की वादाच्या दिवशी उगवते? टिकली, राखी, बारीक चमकी, शीख मुलाचा पटका, गळ्यातील लहान क्रूस या कसोटीला सहज उतरतात. पूर्ण बुरखा उतरत नाही. डोक्यावरच्या रुमालाबाबत प्रामाणिक माणसांत मतभेद राहतील आणि तो प्रश्न न्यायालयातच सुटायचा आहे. तोवर शाळेने जे ठरवले असेल ते प्रवेशाआधी लेखी असावे, सर्वांना सारखे लागू असावे आणि मोडल्यास बोलावणे पालकांना जावे. कोवळ्या मुलीला फाटकाशी अडवण्याचे काही कारण नाही. मुलांना पुढे करून मोठ्यांनी आपले हिशेब चुकते करण्याची जी दृश्ये २०२२ मध्ये कर्नाटकातील महाविद्यालयांच्या दारांत दिसली, ती कोणत्याही बाजूला भूषणावह नव्हती.

या विषयातील एक जबाबदारी वाचकांपैकी अनेकांच्या अगदी दाराशी आहे. महाराष्ट्रात शेकडो खासगी शाळा ध्येयवादी कार्यकर्त्यांनी पदरमोड करून उभारल्या. त्यांच्या विश्वस्त मंडळांवर आजही समाजकार्यात मुरलेली माणसे बसतात. इंग्रजी शाळांच्या स्पर्धेत टिकायचे म्हणून यांतील अनेक शाळांनीही गेल्या काही वर्षांत टाय आणला, चौकडी आणली, आणि दुकानही ठरवून टाकले. समरसतेवर भाषणे त्याच सभागृहात होतात जेथे ब्लेझरची मापे घेतली जातात. दुसऱ्यांच्या शाळांवर बोट ठेवण्याआधी या शाळांनी आपला गणवेश पुन्हा एकदा टेबलावर मांडावा. सर्वांत गरीब विद्यार्थ्याच्या आईला तो परवडतो का, हे तिलाच बोलावून विचारावे.

यासाठी यंत्रणा नव्याने उभारण्याची गरज नाही. महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याने प्रत्येक खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ आणि सोडतीने निवडलेली त्याची कार्यकारी समिती बंधनकारक केली आहे. तीत प्रत्येक इयत्तेचा पालक असतो. शुल्काला मान्यता देणाऱ्या या समितीपुढे गणवेशाचा विषय क्वचितच येतो, कारण कोणी तो मांडतच नाही. मांडायचा तर तो जूनमध्ये मांडून उपयोग नाही. तोवर तागे विणून झालेले असतात, मोजे गठ्ठ्यांत बांधलेले असतात आणि दुकानाशी व्यवहार पुरा झालेला असतो. पुढच्या वर्षीच्या गणवेशाचे कापड, त्याचा रंग, मुलींचे पर्याय, पावसाळ्यातील पादत्राणे आणि जुन्या गणवेशांच्या देवघेवीचा दिवस हे सारे जानेवारीच्या सभेत ठरले, तरच गल्लीतल्या शिंप्याला मे महिन्यात मापे घ्यायला वेळ मिळेल.